मेडिकलवरची ट्यूब, वांग, केसगळती आणि बाकी सगळं

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की आमच्या अमळनेरात पार्लरला जी गर्दी सुरू होते ती थेट लग्नसराई संपेपर्यंत. माहेरी आलेल्या पोरी, नवऱ्यामुली, त्यांच्या आत्या-मावश्या, वर ऊन ४४-४५ च्या घरात, आणि भुवया करून घेता घेता कोणीतरी हळूच म्हणतंच, ताई हे बघा ना काय झालंय. कधी मानेवर, कधी गालावर, कधी परकराची नाडी बांधतो तिथे. फेशियलचा रेट विचारायला आलेली असते आणि दाखवते गजकर्ण. मी डॉक्टर नाही, पार्लरवाली आहे, ते मी पहिल्या वाक्यातच सांगून टाकते. पण माणसांची कातडी आणि केस एवढ्या जवळून रोज कोण बघतं सांगा, आणि ज्यांना मी जळगावला स्किनच्या डॉक्टरकडे पाठवते त्या परत येऊन सगळं सांगतात, चिठ्ठ्या दाखवतात, त्यातून बरंच कळत गेलं.

तर पहिली गोष्ट ती ट्यूब. खाज सुटली की मेडिकलवर जायचं, "खाजेची ट्यूब द्या" म्हणायचं, आणि तो देतो ती तीन-चार औषधं एकत्र असलेली. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध, आणि त्यात क्लोबेटासोल नाहीतर बेटामेथासोन, म्हणजे कडक स्टिरॉइड. स्टिरॉइडमुळे दोन दिवसांत खाज बंद, लाली गायब, बाई खूश, शेजारणीला पण सांगते "ती ट्यूब भारी शे". पण बुरशी मेलेलीच नसते. स्टिरॉइडने तिथली शरीराची ताकद दाबून टाकलेली असते, त्यामुळे बुरशी आतल्या आत आरामात पसरते, ट्यूब बंद केली की दुप्पट होऊन वर येते, मग परत ट्यूब, आणि हे वर्ष वर्ष चालतं. गजकर्ण ओळखायची खूण म्हणजे गोल कडा, कडेला उठाव आणि मधे साफ, ती गोलाईच या ट्यूबने मोडून जाते आणि मग डॉक्टरला पण चटकन ओळखू येत नाही. जांघेत, काखेत कातडी पातळ होऊन बाळंतपणात पोटावर पडतात तसे पट्टे पडतात, आणि ते पट्टे पूर्ण जात नाहीत.

सरकारने २०१८ मधे अशी लावायची बरीच स्टिरॉइडं शेड्यूल एचमधे टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. मिळतात मात्र अजून, बिस्किटाच्या पुड्यासारखी.

आणि आता गजकर्ण पूर्वीसारखं साधं राहिलेलं पण नाही. आमच्या आजीच्या काळात थोडं मलम लावलं की जायचं म्हणतात. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे जी बुरशी पसरलीय ती चिवट आहे, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नाव तिचं, टर्बिनाफिन नावाची जी गोळी आधी हमखास चालायची तिला पुष्कळदा ती दादच देत नाही. म्हणून डॉक्टर आता बहुतेक वेळा इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल देतात, त्या जेवणाबरोबर घ्यायच्या असतात आणि कित्येक आठवडे घ्याव्या लागतात, आणि बीपी-शुगरच्या वगैरे दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरला आधी सांगायच्याच कारण काही औषधांबरोबर ती चालत नाही, लिव्हरचा त्रास असेल तर ते पण सांगायचं. मलम लावायचं ते साधं बुरशीचं, स्टिरॉइड नसलेलं, आणि डागाच्या बाहेर दोन बोटं अंतरापर्यंत लावायचं. डाग दिसेनासा झाला तरी डॉक्टर थांब म्हणेपर्यंत औषध चालू ठेवायचं, इथेच सगळ्या बायका गळतात, खाज गेली की औषध बंद. त्यात नवऱ्याला आहे, सासूला आहे, पण औषध घेतेय एकटी सून. घरात ज्याला ज्याला आहे त्या सगळ्यांनी एकदम घेतलं नाही तर ते घरातल्या घरात फिरत राहतं. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, कपडे गरम पाण्यात धुवून उलटे करून उन्हात, ऊन तर आपल्याकडे फुकटच आहे. आणि मे महिन्यात ती घट्ट जीन्स नको गं पोरींनो.

दुसरी तीच गोष्ट चेहऱ्याची. वांग येतं ते गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर, तपकिरी, दोन्हीकडे सारखं. गरोदरपणात, पाळणा लांबवायच्या गोळ्यांवर, आणि ऊन तर आहेच. त्यावर एक ट्रिपल क्रीम असते, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड अशी तिन्ही मिळून, डॉक्टर ती थोडे आठवडे देतात आणि थांबवतात, आपल्याकडे मात्र ती गोरं व्हायची क्रीम म्हणून वर्षानुवर्षं लावतात, स्नो-पावडरसारखी रोज सकाळ-संध्याकाळ. मग चेहरा लाल, उन्हात गेलं की आग, बारीक शिरा दिसायला लागतात, हनुवटीवर लव वाढते, पुटकुळ्या येतात. अशी मुलगी आली की मी ब्लीच करत नाही, फेशियल पण नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. एकदम बंद केली तर चेहरा पेटल्यासारखा होतो, म्हणून ती पण डॉक्टरच्या सांगण्यानेच हळूहळू सोडायची.

वांगाचं निम्मं औषध सनस्क्रीन आहे, हे कोणाला पटत नाही कारण त्याने "काही फरक दिसत नाही". एसपीएफ ३० किंवा वरचं, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं, आणि बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी परत. वांग असेल तर रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडवालं घ्या, कारण नुसत्या अतिनील किरणांनीच नाही तर साध्या उजेडाने पण वांग गडद होतं आणि तो उजेड हा रंग अडवतो. आणि स्कूटीवर आपल्या पोरी स्कार्फ बांधतात ना डोळे तेवढे उघडे ठेवून, बाहेरगावचे लोक हसतात, हसू द्या, ते चांगलंच आहे.

पिंपल्सबद्दल थोडक्यात. टूथपेस्ट नको, लिंबू-सोडा नको, फोडायचे नाहीत. बेंझॉइल पेरॉक्साइड आणि रात्री अॅडापलीन, डॉक्टरला विचारून, आणि दोन-तीन महिने धीर धरायचा, आठ दिवसांत क्रीम बदलायची नाही. गरोदर असाल किंवा राहायचा विचार असेल तर अॅडापलीन नाही.

आता केस. "ताई, मना केस गयी राह्यनात वं, काय लावू आते?" हे मी रोज ऐकते, आणि दोष देतात बोरिंगच्या पाण्याला. पाणी आपलं क्षाराचं आहे हे खरं, साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर बसतो, केस राठ होतात आणि तुटतात. पण तुटणं वेगळं आणि गळणं वेगळं. गळलेला केस घेऊन टोक बघा, मुळाशी बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळातून आलाय, नसेल तर मधेच तुटलाय. तुटत असतील तर स्ट्रेटनिंग, कलर, ओल्या केसांत कंगवा हे सगळं कमी करा. मुळातून मूठ मूठ येत असतील तर आधी दोन-तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं ते आठवा. टायफॉइड, डेंग्यू, चिकनगुनिया, बाळंतपण, ऑपरेशन, लग्नासाठी उपाशी राहून उतरवलेलं वजन. केस लगेच गळत नाहीत, तेवढे दिवस उशिरा गळतात, म्हणून बिचाऱ्या नव्या शाम्पूवर आळ येतो. ते बहुतेक सहा महिन्यांत आपोआप थांबतं. रोज ५० ते १०० केस जाणं तर नॉर्मलच आहे. गळणं सहा महिन्यांहून जास्त चाललं तर हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा, थायरॉइड तपासून घ्या, आपल्या बायकांच्या अंगात रक्तच कमी असतं आणि तेल मात्र दोनशे-तीनशे रुपयांचं आणतात.

जानेवारी २०२५ ला शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस दोन-चार दिवसांत हातात यायला लागले ती बातमी आली तेव्हा इकडे पण घाबरगुंडी उडाली होती. आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेची टीम आली, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियम नावाच्या खनिजाकडे बोट दाखवलं. म्हणजे बघा, डोक्याला लावायचा विषय नेहमी डोक्यावरच नसतो.

कोंडा असेल तर तेल थापू नका, ती एक प्रकारची बुरशीच असते आणि तेलावर पोसते. किटोकोनाझोलचा शाम्पू, आठवड्यातून दोनदा, फेस पाच मिनिटं डोक्यावर ठेवून मग धुवायचा. लगेच धुवून टाकला तर पैसे गटारीत.

चाई पडली, म्हणजे रुपयाएवढी गुळगुळीत टक्कल, की लोक लसूण घासतात, कांदा घासतात, कोणी कोणी तर बिब्बा. बिब्ब्याने कातडी भाजते हो, टाचेच्या भेगांना लावून पाय सुजवून घेतलेल्या बायका पण आल्यात माझ्याकडे. चाई म्हणजे शरीर आपल्याच केसांच्या मुळांवर उठलेलं असतं, कीड वगैरे काही नसते. पुष्कळदा आपोआप भरते, नाहीतर डॉक्टर तिथे स्टिरॉइडचं बारीक इंजेक्शन देतात. हो, स्टिरॉइडच. औषध वाईट नाही, ते मेडिकलवाल्याच्या हातचं वाईट.

काळी मेहंदी आणि हेअर डाय लावण्याआधी मी कानामागे थोडं लावून दोन दिवस थांबायला सांगते. त्यात पीपीडी नावाचं रसायन असतं, ते ज्याला चालत नाही त्याचे डोळे सुजून बंद होतात. लग्न उद्यावर आलंय म्हणून भांडतात, भांडू द्या.

शेतात जाणाऱ्यांसाठी एक. निंदणीनंतर चेहरा, मान, कोपराच्या घडीत खाज येऊन कातडी जाड काळपट होत असेल आणि दर वर्षी होत असेल तर गाजर गवताकडे बघा. हे गवत अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं म्हणतात, पुण्यात १९५५-५६ च्या सुमारास दिसलं आणि आता कपाशीच्या बांधावर सगळीकडे आहे. हात न लावता नुसत्या उडणाऱ्या कणांनी पण त्रास होतो. पूर्ण बाह्या, तोंडाला रुमाल, घरी आल्या आल्या अंघोळ, आणि कपडे लगेच धुवायला.

आणि फिकट चट्टा दिसला, तिथे टोचलेलं, गरम-गार काही कळत नसेल तर क्रीम लावू नका, कोणाला न सांगता लपवू पण नका, सरळ सरकारी दवाखान्यात जा. कुष्ठरोग असेल तर औषध तिथे फुकट मिळतं, प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने, आणि पूर्ण बरा होतो. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत तो दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे ताट-पेला वेगळा करायची काहीच गरज नाही, सासूबाईंना पण हे वाचून दाखवा.