रनिंग बोर्डातली माती

सरांनी वहीच्या एका पानावर मधोमध रेघ ओढून डावीकडे ‘गाडी’ आणि उजवीकडे ‘घर’ असे लिहिले होते, आणि दोन्ही रकान्यांच्या तळाशी एकच तारीख होती: ७ जून. मृग लागायच्या आत गाडीचे पत्राकाम, रंग आणि वायरिंग उरकायचे होते. त्याच मुदतीत मंगळवार पेठेतल्या घराच्या गच्चीचा कोबा, स्वयंपाकघरातला ओटा आणि पुढच्या सोप्याची कौले चाळून बदलणे हेही व्हायचे होते. गतवर्षी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेल्या माणसाचा तो पहिला मोकळा उन्हाळा होता. मुलांचे निबंध तपासावेत तसा त्यांनी तो आखला होता.

गाडी म्हणजे प्रीमिअर पद्मिनी. कागदोपत्री १९७४ पासून तिचे नाव पद्मिनी असले तरी कोल्हापुरात तिला अजून कोणी फियाटशिवाय दुसरे म्हणत नाही. सरांच्या सासऱ्यांकडे तशीच एक होती आणि सर तिच्यावरच चालवायला शिकले होते, त्यामुळे स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या गिअरचा विषय निघाला की ते हाताने हवेत गिअर टाकून दाखवत. मार्चमध्ये ओळखीच्या एका विक्रेत्याकडे ही गाडी आली, तेव्हा सर मला, म्हणजे पत्राकाम-रंगाच्या मिस्त्रीला, सोबत घेऊन गेले होते. मी कागद बारकाईने पाहिले, कारण जुन्या गाडीत माणसे तिथेच अडकतात. २० वर्षांपुढच्या खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क आता १० हजार रुपये आहे, आणि ते भरूनही चासी नंबर जुळला नाही तर गाडी दारात शोभेला उभी राहते. नंबर जुळला. १०८९ सीसीचे इंजिन एका सेल्फमध्ये चालू झाले. दारांवर आणि मडगार्डवर चुंबक फिरवले. लांबी, म्हणजे खड्डे बुजवायला पत्र्यावर थापतात ती पुट्टी, फारशी नव्हती. खाली वाकून पाहिले तर सगळा तळ ताज्या काळ्या अंडरकोटने, म्हणजे गंज टाळायला खालून मारतात त्या जाड लेपाने, झाकलेला होता. मी म्हणालो, ‘‘घ्या सर, बॉडी बरी आहे.’’ या सगळ्याला २० मिनिटेही लागली नव्हती.

आमच्या धंद्यात उन्हाळा महत्त्वाचा का, हे गिऱ्हाइकांना सांगूनही पटत नाही. थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवा दमट असेल तर तिच्यातले पाणी त्या ओल्या रंगावर बसते आणि रंग दुधाळ होतो. मग तो सगळा घासून पुन्हा मारावा लागतो. फेब्रुवारीपासून वळीव सुरू होईपर्यंतचे दिवसच खात्रीचे असतात, आणि नेमके तेव्हाच गिऱ्हाईक रंगाचे कार्ड घेऊन आठवडा आठवडा विचार करत बसते. खाली पत्रा आहे की गंजून झालेली जाळी हे कोणी विचारत नाही. दहा मिनिटांच्या व्हिडिओत भंगारातली गाडी चकचकीत होताना पाहिलेल्या लोकांना पत्राकामाचा महिना हा मिस्त्रीचा आळस वाटतो. सर तसे नव्हते, हे नमूद करायला हवे.

एप्रिलच्या मध्यावर आम्ही गाडी उघडली. डाव्या दाराखालचा पेटीसारखा पोकळ भाग, ज्याला आम्ही रनिंग बोर्ड म्हणतो, तो मागच्या टोकाला थोडा फुगलेला होता, म्हणून तेवढा तुकडा कापून बदलायचे ठरले. माझ्या हाताखालचा पोरगा आयटीआय करून दोन वर्षांपूर्वी आला आहे. त्याने ग्राइंडर लावला, वीतभर काप घेतला आणि मशीन बंद केले. ‘‘मालक, ह्यात माती हाय,’’ तो म्हणाला. मी स्क्रू ड्रायव्हरने कड उचकटली तेव्हा मातीचा लांबट लगदा सुटून फरशीवर पडला. वड्या थापाव्यात तशी ती घट्ट बसली होती. तिचे दोन थर होते आणि दोहोंच्या मध्ये गंजाची पातळ पापडी होती. म्हणजे गाडी एकदा नव्हे, दोनदा बुडाली होती.

ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी आहे ४३ फूट. महामार्ग बंद, शहराला वेढा, आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा तेच. त्या दोन्ही वर्षी माझ्याकडे आलेल्या बुडालेल्या गाड्यांची गिनती मी ठेवलेली नाही, पण ती माती मी अंधारातही वासावरून ओळखीन. नोंदणी पुस्तकात मालक बदलतो, पत्ता बदलतो. पुराची नोंद करायला त्यात रकाना नाही.

सर नेमके तेव्हाच थर्मासमधून चहा घेऊन आले. त्यांनी ओणवे होऊन एक ढेकूळ उचलले, चिमटीत चुरगळले आणि नाकाशी नेले. २०१९ मध्ये त्यांच्या शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती आणि नंतर वर्ग धुवायला ते स्वतः उभे होते, त्यामुळे त्यांना काही सांगावे लागले नाही. थोड्या वेळाने त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारले, ‘‘हे घेताना कळले असते का?’’

‘‘कापल्याशिवाय आतले दिसत नाही, सर,’’ मी म्हणालो.

हे पूर्ण खोटे नाही. पण रनिंग बोर्डाच्या तळाला पाणी निचरण्यासाठी भोके असतात. त्यांतून वाकवलेली तार आत घालून फिरवली की गंजाची पापडी असेल तर खरखरते आणि माती असेल तर तार रुतते व मळून बाहेर येते. ही भोके त्या गाडीत अंडरकोटने बुजलेली होती, आणि चाळीसेक वर्षांच्या गाडीला विकण्यापूर्वी कोणी प्रेमापोटी अंडरकोट मारत नाही, हे मला कळायला हवे होते. खरे तर मला ते कळलेच होते. विक्रेता रोजच्या चहाचा सोबती, म्हणून त्याच्यादेखत भोक कोरायला मला संकोच वाटला. तारेची ही युक्ती मीच माझ्या पोराला शिकवली होती. तो ग्राइंडर हातात धरून माझ्याकडे पाहत होता, आणि मग त्याने मान खाली घालून मातीचे तुकडे घमेल्यात भरायला सुरुवात केली.

विक्रेत्याला मी संध्याकाळीच गाठले. ‘‘मी पण तशीच घेतली, भावा,’’ एवढेच तो म्हणाला.

पुढचे काम मात्र आम्ही जीव ओतून केले. या गाडीला बॉडीखाली वेगळी चासी, म्हणजे सांगाडा, नसते, रनिंग बोर्ड हाच तिचा कणा, त्यामुळे तो सरळ कापून काढला तर गाडी मधोमध बसते आणि मग दारे जन्मात लागत नाहीत. आधी दोन्ही दारांच्या चौकटींत आडवे-तिरपे पाइप टाके मारून पक्के केले, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची मापे भिंतीवर खडूने लिहिली, आणि एक बाजू पुरी झाल्याशिवाय दुसरीला हात लावला नाही. १८ गेजचा सीआरसी, म्हणजे थंड लाटलेला गुळगुळीत पत्रा, कारखान्यांच्या उद्यमनगरातच बेंड करून आणला; कागदी नमुना दाखवला की अर्ध्या तासात पेटी वळून मिळते, हे सुख दुसऱ्या गावच्या मिस्त्रीला नाही. गॅसने पत्रा तापून लाटा धरतो, म्हणून सीओटू वेल्डिंगने, कडेला भोके पाडून ती एकाआड एक भरत गेलो. आतून इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर मेणासारखे गंजरोधक मारले. निचऱ्याची भोके मी स्वतः पाडली. पाइप काढल्यावर भिंतीवरच्या मापात फरक पडला तो २ मिलिमीटरचा. चारही दारे बोटाने ढकलून लागत होती.

या कामाचा अंदाज मी ४८ हजार सांगितला होता. सरांनी खिशातून वही काढली, उजव्या रकान्यातल्या ‘गच्ची’वर पट्टी लावल्यासारखी सरळ रेघ मारली आणि डावीकडे ‘रनिंग बोर्ड’ लिहिले. मजुरी निम्मी घेतो म्हणालो तर म्हणाले, ‘‘का? तुमची काय चूक?’’ तेव्हा तरी बोलायला हवे होते.

मेच्या शेवटच्या आठवड्यात वळवाने दोनदा गाठले आणि रंग लांबला. आज जूनची १९ तारीख आहे, गाडी करड्या प्रायमरमध्ये उभी आहे, आणि सरांच्या गच्चीवर निळी ताडपत्री आहे. काल त्यांचा फोन आला. प्रायमर पावसाळ्यात ओल तर धरणार नाही ना, असे विचारत होते. त्यांच्या आवाजामागे बादलीत थेंब पडल्यासारखा आवाज येत होता, पण गच्चीबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारले नाही. बिल मी परवा लिहायला घेतले होते. पत्रा, गॅस, प्रायमर, बेंडिंग हे सगळे आकडे भरले. ‘रनिंग बोर्ड दोन्ही बाजू, मजुरी’ या ओळीपुढची जागा अजून मोकळी आहे.