तालमीपासून टेम्पोपर्यंत: हौशी नाटकाची पडद्यामागची कामं

हौशी नाटकाचा प्रयोग दिग्दर्शकाची कल्पना फसल्यामुळे पडला, असं क्वचितच होतं. घोडं अडतं ते दुसरीकडेच. दार उघडत नाही, डिमरचा (दिवे कमी-जास्त करायच्या यंत्राचा) फ्यूज जातो, दुसऱ्या अंकातली चिठ्ठी घरी राहते, नाहीतर ज्याच्या तोंडी चार महत्त्वाची वाक्यं आहेत तो नेमका रात्रपाळीला असतो. तालुक्याच्या गावातल्या, स्वतःचं नाट्यगृह नसलेल्या संस्थांसाठी हे लिहिलंय. अभिनयाबद्दल यात काहीही नाही.

आधी कॅलेंडर. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या हौशी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी बहुतेक वर्षी दिवाळीनंतर सुरू होते. म्हणजे तालमींच्या ऐन दिवसांत गणपती, नवरात्र आणि दिवाळी येतात. गणपतीत कोकणातला नट गावी जातो आणि ढोल-ताशा पथकात असलेला नट कुठेच सापडत नाही. म्हणून संहिता जून-जुलैमध्ये ठरवावी, गणपतीपर्यंत वाचन आणि पाठांतर उरकावं आणि हालचाली अनंत चतुर्दशीनंतर बसवाव्यात. कागदपत्रंही तेव्हाच हातात घ्यावीत. लेखकाचं लेखी परवानगीपत्र आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं) प्रमाणपत्र या दोन गोष्टींशिवाय पुढचं सगळं हवेत. संहिता जुनी असेल तर प्रमाणपत्राची प्रत बहुधा लेखकाकडेच मिळते. नवीन असेल तर अर्ज लवकर करावा, आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर तालमीत सुचलेले प्रसंग बिनदिक्कत घुसडू नयेत. ५ नोव्हेंबरला स्वतःचा कार्यक्रम ठेवायचा असेल तर हॉल फार आधी धरावा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, त्याच्या स्मरणार्थ हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतात. त्यामुळे त्या दिवशी हॉल हवा असणारे तुम्ही एकटेच नसता.

तालीम शाळेच्या वर्गात, देवळाच्या सभामंडपात किंवा समाजमंदिरात, रात्री आठ ते साडेदहा. जागा कुठलीही चालते, पण मापं प्रयोगाच्या रंगमंचाची हवीत. टेप घेऊन एकदा तिथं जाऊन या. दर्शनी पडद्याची रुंदी, रंगमंचाची खोली, झालरीची (वर टांगलेल्या आडव्या पडद्याची) उंची आणि विंगेत किती जागा आहे, हे सगळं वहीत उतरवा. विंगेचं माप घ्यायला लोक हमखास विसरतात. मग सोफा आत काढायची वेळ आली की कळतं, विंगेत तीनच फूट आहेत आणि तिथं डिमर ठेवलाय. तालमीच्या खोलीत २ फुटी फरशी असेल तर काम सोपं होतं: ३० फुटी रंगमंच म्हणजे १५ फरश्या. भिंती आणि पायऱ्या रंगीत चिकटपट्टीने जमिनीवर आखा. दाराच्या जागी अडीच फूट अंतर ठेवून दोन खुर्च्या मांडा आणि दार कुठल्या हाताने, कुठल्या बाजूला उघडायचं ते पहिल्या दिवसापासून करून घ्या. नाहीतर महिनाभर हवेतल्या दारातून चालत आलेला नट प्रयोगाला खऱ्या दारावर आपटतो.

हजेरीचा प्रश्न कधी संपत नाही. शिक्षक, एसटीचा कंडक्टर, बँकेतली बाई, मेडिकलवाला यांच्या सुट्ट्या आणि पाळ्या वेगळ्या. उपाय एकच, तो म्हणजे प्रवेश-पात्र तक्ता. उभ्या रकान्यात पात्रं, आडव्या ओळीत प्रवेश, आणि प्रवेश अंकांनुसार न पाडता पात्रांच्या ये-जा प्रमाणे पाडायचे. दोन अंकांच्या नाटकाचे असे वीस-बावीस तुकडे सहज होतात. आज कोण येणार नाही हे दुपारी कळलं की तक्त्यावर बोट फिरवून कोणता तुकडा घेता येईल ते लगेच दिसतं. 'येतील तेवढ्यांत करू' म्हणणाऱ्या संस्थेचा पहिला प्रवेश चाळीस वेळा होतो आणि शेवटचा चार वेळा. प्रेक्षकांनाही ते कळतं.

प्रॉम्प्टरसाठी संहिता कागदाच्या एकाच बाजूला छापावी. समोरचं कोरं पान हालचाली, प्रकाश आणि संगीताच्या खुणांसाठी. प्रॉम्प्टर पहिल्या दिवसापासून तोच हवा, कारण वाक्य सांगण्यापेक्षा ते न सांगणं जास्त अवघड असतं. नट मुद्दाम थांबलाय की अडकलाय, हे फक्त सगळ्या तालमी पाहिलेल्यालाच ओळखता येतं. आणि अडकलेल्याला वाक्याचा पहिला शब्द द्यायचा, अख्खं वाक्य नाही.

नेपथ्याकडे येऊ, कारण पैसा आणि मनस्ताप दोन्ही इथंच जास्त जातात. फ्लॅट म्हणजे भिंत म्हणून उभी करायची, कापड ताणलेली लाकडी फ्रेम. ८ बाय ४ फुटांच्या एका फ्लॅटला २ बाय १ इंची रिपा लागतात: ८ फुटी दोन उभ्या आणि वर, मध्ये, खाली अशा तीन आडव्या. चारही कोपऱ्यांना मागून प्लायचे त्रिकोण ठोकायचे, म्हणजे फ्रेम काटकोनात राहते. ठोकण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर शेजारच्या फ्लॅटशी फट पडणारच, आणि मागचा दिवा बरोब्बर त्या फटीतून दिसणार. कापड मांजरपाट. ४८ इंची पन्हा घेतला तर ४ फुटी फ्रेमवर मागे वळवायला काही उरत नाही. त्यामुळे मोठा पन्हा शोधा किंवा फ्लॅटच साडेतीन फुटी करा. कापड हाताला ताठ लागेल इतपतच ताणा. वरून पातळ फेव्हिकॉल-पाण्याचा हात बसला की ते आपोआप आवळतं. आधीच कचकचून ताणलं तर वाळताना फ्रेम पिळवटते आणि ती सरळ करायला मग कुणाच्या बापाला जमत नाही. रंग डिस्टेंपरच हवा, ऑइलपेंट चकाकतो. भिंती पांढऱ्याशुभ्र करू नका. प्रकाश भिंतीवरून उसळतो आणि माणसांचे चेहरे त्यापुढे काळवंडतात. पांढऱ्यात थोडी पिवडी (पिवळ्या मातीचा रंग) आणि चिमूटभर काळा घातला तरी रंगमंचावर भिंत पांढरीच दिसते.

दाराचा फ्लॅट सगळ्यात त्रासदायक. दार रंगमंचाच्या बाहेरच्या बाजूला उघडावं आणि बिजागऱ्या प्रेक्षकांपासून लांबच्या कडेला असाव्यात. म्हणजे उघडलेलं दारच मागचा पसारा झाकतं. चौकटीच्या तळाशी, जिथं उंबरा असतो, तिथं लोखंडी चपटी पट्टी मारा, नाहीतर चौकटीचे दोन पाय फाकून दार अडकतं. दोन्ही बाजूंना मागून तिरके टेकू आणि प्रत्येक टेकूवर वजन ठेवा. वाळूच्या गोण्या चालतात, विटाही चालतात. 'दार धाडकन लावून निघून जाते' असं संहितेत असेल आणि टेकू एकच असेल तर अख्खं घर हलतं, आणि गंभीर प्रवेशात पहिलं हसू तिथंच फुटतं.

प्रवासाचा विचार सुताराकडे जातानाच करायचा. छोटा हत्तीचा हौदा साधारण सात फुटांचा असतो, त्यामुळे ८ फुटी फ्लॅट फाळका उघडून बाहेर काढावे लागतात, आणि त्यांच्या टोकाला लाल फडकं बांधावं लागतं. प्रत्येक फ्लॅटच्या मागे क्रमांक आणि वरच्या दिशेला बाण रंगवून ठेवा. स्पर्धेच्या केंद्रावर मदतीला येणारी मुलं संस्थेतली असतीलच असं नाही.

प्रकाशयोजनेत कल्पना नंतर, गणित आधी. १००० वॉटचा एक पार (डब्यासारखा रंगमंचाचा दिवा) २३० व्होल्टला साधारण ४.३ अँपिअर घेतो. डिमरचं चॅनेल १० अँपिअरचं असेल तर त्यावर दोनच पार. तिसरा लावला की फ्यूज गेला. बारा पार एकदम पूर्ण पेटले तर ५० अँपिअरच्या वर जातं, आणि कित्येक सभागृहांची सिंगल फेजची जोडणी तेवढं ओढत नाही. थ्री फेज आहे का, मेन स्विच किती अँपिअरचा आहे आणि त्या खोलीची किल्ली कुणाकडे असते, हे आदल्या भेटीतच विचारून ठेवा. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. 'मला येतं' म्हणणारा प्रत्येक संस्थेत एक असतो, त्याला तिकीट खिडकीवर बसवा. हॅलोजनचा दिवा बदलताना काचेला उघडं बोट लावू नये. कातडीचा तेलकटपणा काचेवर राहतो, तेवढाच भाग जास्त तापतो आणि दिवा लवकर फुटतो. एलईडी पार विजेला स्वस्त, पण तो डिमरच्या चॅनेलवर लावायचा नाही. त्याला थेट पुरवठा द्यायचा आणि कमी-जास्त करायचं ते डीएमएक्सवरून, म्हणजे दिव्याला वेगळ्या केबलने जाणाऱ्या डिजिटल संदेशावरून. डिमरवर लावला तर तो फडफडतो, कधीकधी कायमचा जातो. शिवाय स्वस्त एलईडीखाली पॅनकेकचा (चेहऱ्याला लावायच्या रंगाचा) रंग बदलतो, म्हणून रंगीत तालमीला रंगभूषा त्याच दिव्यांखाली पाहावी. आरशाजवळच्या ट्यूबलाइटखाली छान दिसलेला चेहरा पुढे आजारी दिसू शकतो.

संगीताचं काम आता लॅपटॉपवर आलंय. फाइलींची नावं ०१, ०२ अशी आकड्यांनी सुरू करा आणि दोन खुणांमध्ये नवीन तुकडा आला तर त्याला ०५अ म्हणा. वायफाय बंद, सूचनांचे आवाज बंद, पेन ड्राइव्हवर दुसरी प्रत. स्पीकरमधून 'हूंऽऽ' असा सलग आवाज येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा, बहुतेक वेळा तोच चोर असतो. लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा, म्हणजे बॅटरी दोन अंक टिकायला हवी. टेलिफोनच्या घंटेची खूण संगीतवाल्याने नटाच्या हातावर नजर ठेवूनच बंद करावी. रिसीव्हर कानाला लागल्यावर वाजत राहिलेली घंटा फार जुना विनोद आहे.

प्रयोगाच्या दिवशी कामांचा क्रम चुकला की दिवस गेला. आधी वरचे दिवे, मग नेपथ्य. उलटं केलं तर घोडा (दिवे टांगायची उभी शिडी) ठेवायला जागाच राहत नाही, आणि उभ्या केलेल्या भिंती परत हलवाव्या लागतात. हॉल दुपारी बाराला मिळाला आणि प्रयोग सातला असेल तर दोनपर्यंत दिवे टांगून व्हावेत, चारपर्यंत भिंती उभ्या राहून खिळे तपासून व्हावेत, पाचपर्यंत फोकस. नंतर संवाद वगळून फक्त खुणा: कुणी शिरतं, दिवा बदलतो, पुढची खूण. याला पाऊण तास पुरतो आणि पूर्ण रन-थ्रूपेक्षा त्या दिवशी याचाच उपयोग जास्त. रंगभूषेला आधी म्हातारी पात्रं बसवा, त्यांना वेळ लागतो. क्रेपच्या दाढी-मिश्या स्पिरिट गमने लावण्याआधी कातडी घामाने ओली नसावी, नाहीतर पहिल्याच अंकात मिशीचं एक टोक सुटतं. कोकणात आणि गोव्यात हा त्रास विशेष. नऊवारी नेसवायची असेल तर प्रत्येकीला अर्धा तास धरा आणि वडापाव साडी नेसण्याआधी.

प्रॉपर्टीचं, म्हणजे नटांना हातात लागणाऱ्या वस्तूंचं, टेबल दोन्ही विंगांत वेगवेगळं मांडावं. टेबलावर खाकी कागद चिकटवून प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा काढा आणि आत नाव लिहा. रिकामी चौकट दिसली की काय हरवलं ते न विचारता कळतं. दारू म्हणून कोरा चहा, काचेच्या ग्लासांऐवजी शक्य तिथं प्लॅस्टिक. फुटलेली काच अंधारात गोळा होत नाही आणि पुढच्या प्रवेशात कुणीतरी अनवाणी असतंच.

अंधारातल्या बदलाला ३० सेकंदांपेक्षा जास्त घेऊ नयेत, आणि त्याची तालीम घड्याळ लावून, मग दिवे बंद करून घ्यावी. आधी वस्तू बाहेर जातात, मग नव्या आत येतात. बाहेर जायची विंग एक, आत यायची दुसरी. पायऱ्यांच्या कडांना आणि टेबलाच्या कोपऱ्यांना रेडियम टेपचे बोटभर तुकडे पुरतात. जास्त लावले तर अंधारात रंगमंच विमानतळासारखा दिसतो.

नटराजाची पूजा करावी, पण नारळ विंगेत घमेल्यात फोडावा. रंगमंचावर सांडलेल्या पाण्यावर पहिला घसरणारा बहुधा नायकच असतो. आरतीचा कापूर पडद्यापासून लांब. वाळूची बादली हाताशी असू द्या. तिसरी घंटा देण्याआधी एकाने मोठ्याने विचारायचं: दिवे तयार? संगीत तयार? पहिल्या प्रवेशाची पात्रं जागेवर? तिन्ही 'हो' आल्याशिवाय पडद्याच्या दोरीला हात लावायचा नाही, आयोजक कितीही घाई करोत.

पडदा पडल्यावर भेटायला आलेली मंडळी रंगमंचावर चढतात, फोटो काढतात, आणि त्या गर्दीतच प्रॉपर्टीचा चष्मा कुणाच्या तरी पर्समध्ये जातो. म्हणून आधी टेबलावरच्या चौकटी भरायच्या, मग फोटो. खिळे उपटून डब्यात टाका, फळीला तसेच ठेवू नका. भाड्याचे कपडे घामासकट गाठोड्यात बांधू नका, रात्रभर दोरीवर टाका आणि दुकानदाराच्या यादीशी ताडून परत करा. टोपीपासून कमरपट्ट्यापर्यंत प्रत्येक वस्तूवर टिकमार्क आणि यादीखाली त्याची सही घ्या. अनामत परत मिळवताना तोच कागद लागतो. फ्लॅट उभेच ठेवायचे, जमिनीपासून चार बोटं उंच, खाली विटा घालून. आडवे रचले तर सगळ्यात खालचा वाकतो, आणि ओल लागली तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाळवी रिपा संपवते.