एवढ्या बारीक कणाला आकार कसा देता?

मी झिंक ऑक्साइड या सिरॅमिकचे नॅनोकण बनवते हे कळलं की हा प्रश्न येतोच. सोलापुरात तो बहुतेक वेळा चादरी-टॉवेलच्या डाईंगमधली माणसं विचारतात. सूत नीट भिजावं, रंग आत मुरावा म्हणून त्यांच्याकडे वेटिंग एजंट, म्हणजे साबणाच्या जातीचा सर्फॅक्टंट, रोजचाच. "तेच सिरॅमिकमध्ये कशाला? आणि मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढ्या कणाला साचा तरी कुठून आणता?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. साचा नसतो. आकार स्फटिक स्वतःच घेतो, आपण फक्त त्याच्या एखाद्या बाजूला अडवतो.

झिंक ऑक्साइडचा स्फटिक षटकोनी. मोकळा सोडला तर बहुधा उभा भराभर वाढतो आणि काडी होते. द्रावणात सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचा क्षार) घातलं की ते त्याच्या माथ्यावरच्या झिंकला चिकटून बसतं. वरची वाढ मंदावते, आडवी चालू राहते, आणि काडीऐवजी चकती हाती येते. सर्फॅक्टंटही असाच बाजू निवडून बसतो, वर त्याच्या रेणूची लांब शेपटी कणांना एकमेकांना चिकटू देत नाही. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की जी बाजू भराभर वाढते तीच आक्रसत जाते. जी रेंगाळते, ती पसरून शेवटी नजरेत भरते.

सर्फॅक्टंटचे रेणू एकत्र येऊन गोळे, नळ्या करतात आणि तोच साचा, असं बरेच जण सरसकट लिहितात. ते मला पटत नाही. 1992 मध्ये पुढे आलेल्या एमसीएम-41 या सच्छिद्र सिलिकात ते खरंच घडतं. रेणूंच्या नळ्यांभोवती सिलिका जमते, नळ्या जाळल्या की छिद्रं उरतात. पण झिंक ऑक्साइडच्या भरीव काडीला तोच नियम लावण्याआधी पुरावा हवा.

आमचा नेहमीचा सर्फॅक्टंट सीटॅब. साधारण 25 अंशांखाली त्याचं द्रावण टिकत नाही. डिसेंबरात सकाळी बाटली उचलावी तर तळाशी पांढऱ्या सुयांचा थर. वरचं पाणी तसंच ओतलं तर सीटॅब कमी पडतो आणि काड्यांची जाडी बदलते. म्हणून बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची, सगळं नितळ झालं की मगच माप घ्यायचं. उन्हाळ्यात ही कटकट नाही, सोलापूरचं ऊन पुरेसं आहे.

आकार आला तरी काम संपत नाही. कणावर बसलेला सीटॅब काढावा लागतो, नाहीतर हे कण ज्यात वापरायचे त्या गॅस सेन्सरमध्ये, म्हणजे वायू ओळखणाऱ्या उपकरणात, वायू कणाच्या पृष्ठभागापर्यंत पोचतच नाही. आधी पाणी-इथेनॉलने धुवायचं, मग भट्टीत 500 अंशांच्या आसपास जाळायचं. तिथे घाई केली, तापमान फार चढवलं, की काड्या एकमेकींना चिकटतात, टोकं गोल होतात. त्यामुळे एसईएम या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मी भट्टीआधीही बघते आणि नंतरही. फक्त आधीचा फोटो छापणाऱ्या पेपरवर माझा विश्वास बसत नाही.