बँकॉक ते सायगॉन, सतरा दिवस, सगळं जमिनीवरून (आणि थोडं पाण्यावरून)

पासपोर्टमध्ये कोरी पानं किती उरलीत ते आधी मोजा, मग पुढचं वाचा. लाओसचा आणि कंबोडियाचा बॉर्डरवर मिळणारा व्हिसा म्हणजे पानभर स्टिकर असतो, शिवाय प्रत्येक देशात शिरताना एक शिक्का आणि निघताना एक, आमच्या डोंबिवलीच्या मावशींकडे तीनच पानं शिल्लक होती आणि त्या प्रत्येक काउंटरवर साहेबाला बोटाने कोपरा दाखवून "इथे मारा हो, इथे" असं चक्क मराठीतच सांगत होत्या. त्यांनी ऐकलं पण!

आम्ही सोळा जण, सगळ्यात लहान मी (४६) आणि सगळ्यात मोठे नाशिकचे काका (७१). टूर नेणारे सर मूर्तिशास्त्र शिकवतात, त्यामुळे शॉपिंग शून्य आणि देवळं भरपूर हे आधीच कळलं होतं. मूळ प्लॅन सोपा होता, बँकॉकहून बसने थेट बॉर्डर ओलांडून सिएम रीप (कंबोडियातलं अंगकोर वाटजवळचं गाव), एका दिवसाचं काम. पण २०२५च्या जूनपासून थायलंड-कंबोडिया बॉर्डरवरची ये-जा बंद होत गेली, जुलैत तर लढाईच झाली, आणि आम्ही जानेवारीत निघालो तेव्हाही तो रस्ता बंदच होता. भांडण कशावरून, तर बॉर्डरवरच्या जुन्या ख्मेर (कंबोडियाच्या जुन्या साम्राज्यातल्या) देवळांच्या आसपासच्या जमिनीवरून. त्यातलं प्रेह विहेअर हे शंकराचं देऊळ १९६२ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कंबोडियाला दिलं तरी आजूबाजूच्या डोंगरावरून धुसफूस चालूच आहे. सरांनी मग प्लॅन उलटा फिरवला, थायलंडमधून वर उत्तरेला, तिथून लाओसमधून मेकाँग नदीच्या कडेने खाली खाली कंबोडिया आणि मग व्हिएतनाममधलं सायगॉन (म्हणजे आताची हो चि मिन्ह सिटी). मी तेव्हा जाम वैतागले होते, लाओसमध्ये काय आहे बघायला म्हणून. आता कोणी विचारलं तर सांगते की बाकी काहीही कापा, लाओस कापू नका.

बँकॉक पटकन उरकते कारण त्यावर सगळ्यांनीच लिहिलंय. सुवर्णभूमी विमानतळावर निघणाऱ्या प्रवाशांच्या भागात समुद्रमंथनाचा भलामोठा देखावा आहे, आम्ही तर परत तिथे येणारच नव्हतो, म्हणून सरांनी विमानतळावरच त्यावर पहिलं लेक्चर दिलं. थायलंडला आम्हाला व्हिसा लागला नाही, पण ऑनलाइन अरायव्हल कार्ड आधी भरावं लागतं, ते फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. व्हिसाचे नियम सारखे बदलतात त्यामुळे निघायच्या आठवड्यात परत तपासा. अयुथ्या म्हणजे आपली अयोध्याच, १७६७ साली बर्मी सैन्याने जाळलेली इथली जुनी राजधानी. तिथे झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं डोकं आहे, त्याच्यासोबत फोटो काढायचा तर खाली बसायचं, आपलं डोकं बुद्धाच्या वर जाता कामा नये. उभे राहिलात तर तिथला माणूस येऊन सांगतोच.

खरी मजा थायलंडच्या उत्तरेकडच्या च्यांग खाँगपासून. मेकाँगवरचा पूल ओलांडला की लाओसचं हुआय साय. पूल चालत ओलांडता येत नाही, मधे शटल बस असते. व्हिसाचे पैसे डॉलरमध्ये द्या आणि नोटा कोऱ्या करकरीत हव्यात, जरा फाटलेली, पेनाने काही लिहिलेली नोट असेल तर परत देतात, कंबोडियात तर यापेक्षा कडक. दोन पासपोर्ट साइज फोटो हाताशी ठेवा. एका बॉर्डरवर (कुठल्या ते सोडा) स्टॅम्पसाठी माणशी दोन डॉलर जास्तीचे मागितले, पावती मागितल्यावर हसले, सोळा जणांची बस खोळंबली होती म्हणून दिले. सुटे एक-एक डॉलर ठेवा एवढंच म्हणेन.

हुआय सायहून लुआंग प्रबांगला जायला लाकडी स्लो बोट, दोन दिवस लागतात, रात्री पाकबेंग नावाच्या गावात मुक्काम. रस्त्याने लवकर होतं पण सर म्हणाले नदीनेच जायचं. पहिल्या दिवशी सकाळी आम्ही सगळे कुडकुडत होतो, जानेवारीत नदीवर धुकं आणि असला गार वारा, आणि आमचे स्वेटर मोठ्या बॅगेत, बॅगा बोटीच्या पोटात, वर दुसऱ्यांच्या बॅगा. काकांनी शेवटी सोलापुरी चादर काढली, ती त्यांनी "सवय आहे हो" म्हणून हँडबॅगेत ठेवली होती, तिच्याखाली चार जण बसले. तर कानटोपी, स्वेटर, औषधं, खाकरा जवळच्या पिशवीत ठेवा. चाकांची सुटकेस आणू नका, बोटीवर चढायचं ते उतारावरून आणि अरुंद फळीवरून. दुपारी ऊन आलं आणि मग काहीच काम नाही, नदी, खडक, मधेच वाळूत खेळणारी पोरं, रेती चाळून सोनं शोधणाऱ्या बायका, नेटवर्क नाही. भेंड्या लावून झाल्या. मला वाटतं या ट्रिपमधले सगळ्यात चांगले दोन दिवस ते, आणि त्यात बघण्यासारखं असं यादीत लिहायला काहीही नव्हतं.

लुआंग प्रबांगला तीन रात्री ठेवा, दोन कमी पडतात. पहाटे भिक्खू रांगेने भिक्षेला निघतात, आणि तिथे आमच्यासारख्या लोकांचा जो काही गोंधळ चालतो तो बघून लाज वाटली, भिक्खूंच्या अगदी तोंडासमोर कॅमेरे, फ्लॅश. आपण समोरच्या फुटपाथवर शांत उभं राहायचं, खांदे-गुडघे झाकलेले हवेत, फ्लॅश बंद. भात द्यायचा असेल तर हॉटेलवाल्यांना आदल्या रात्री सांगून ताजा चिकट भात घ्या, रस्त्यावर गळ्यात पडून विकतात तो नको.

वाट श्येंग थाँग हे सोळाव्या शतकातलं देऊळ, त्याच्या आवारात राजाच्या अंत्ययात्रेचा रथ ठेवलेली एक इमारत आहे आणि तिच्या दर्शनी भागावर सोनेरी कोरीवकामात रामायण. तिथल्या रामायणाचं नाव फ्रा लाक फ्रा लाम, म्हणजे लक्ष्मण आधी आणि राम नंतर! मावशींना हे अजिबात पटलं नाही. "मोठ्या भावाचं नाव आधी नको का?" सर म्हणाले, मावशी, या कथेत राम-लक्ष्मण व्हिएंतियानचेच (म्हणजे लाओसच्या राजधानीचेच) आहेत आणि सगळं मेकाँगच्या काठी घडतं, त्यांनी गोष्ट आपलीशी करून टाकलीय. राजवाड्याच्या आवारात संध्याकाळी याचंच नृत्यनाट्य असतं, रोज नसतं, वार विचारून घ्या. भाषा कळत नाही पण हनुमान आला की कळतंच, काका शिट्टी वाजवायच्या बेतात होते.

व्हिएंतियानला ट्रेनने गेलो. ही चीनला जोडणारी नवी लाइन, २०२१च्या डिसेंबरात सुरू झाली, आधी रस्त्याने दिवस जायचा तिथे आता दोन तासांच्या आसपास. स्टेशन गावापासून लांब आहे, आणि चेकिंग विमानतळासारखं, कात्री, सुरी, कुठलाही स्प्रे चालत नाही. काकांचा कमरेचा स्प्रे तिथेच गेला, चूक आमचीच, पाटी लावलेली होती. मलम न्या.

व्हिएंतियानमध्ये कोप सेंटर नक्की बघा. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले, त्यातले कितीतरी छोटे गोळे न फुटता शेतात पडून राहिले आणि आजही फुटतात, त्यात हात-पाय गेलेल्यांना इथे कृत्रिम अवयव बसवून देतात. दोन दिवस नदीकाठी जी खेळणारी पोरं बघितली ती परत आठवली. कोणी फारसं बोललं नाही. एका मुलाने बॉम्बच्या धातूचे चमचे विकायला ठेवलेले बाजारात दिसले होते, ते आम्ही हौसेने घेतले होते, त्याबद्दल नंतर बसमध्ये वाद झाला, घ्यावेत की नाही. मी अजून ठरवलेलं नाही.

आता वाट फू, शंकराचं जुनं ख्मेर देऊळ. दक्षिणेला पाकसेजवळ, चंपासाकला. व्हिएंतियानहून पाकसेला रात्रीची स्लीपर बस होती, बर्थ दोघांत एक असतो हे आधी लक्षात घ्या, अनोळखी माणसाशेजारी झोपायची तयारी नसेल तर जोडी लावून बुक करा किंवा विमान घ्या. बहुतेक टूरवाले हे ठिकाण घेतच नाहीत, आणि मला कारण कळत नाही. मागे एक डोंगर आहे, त्याच्या माथ्यावर नैसर्गिक सुळका, लांबून बघितलं की शिवलिंगच. जुनं नाव लिंगपर्वत. अंगकोर वाट बांधायच्या कितीतरी शतकं आधीपासून ही जागा पवित्र मानलेली, आणि इथे सापडलेल्या पाचव्या शतकाच्या सुमाराच्या संस्कृत शिलालेखात देवानीक नावाचा राजा इथल्या तीर्थाला कुरुक्षेत्राचं नाव देतो. सर हे सांगत होते तेव्हा आम्ही दोन मोठ्या तळ्यांमधल्या दगडी वाटेवर उभे होतो, समोर पायऱ्या, दोन्ही बाजूंना चाफ्याची म्हातारी झाडं. चाफा हे लाओसचं राष्ट्रीय फूल, पण जानेवारीत झाडं निष्पर्ण, नुसती वाकडीतिकडी खोडं. पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत, काठी असेल तर आणा, काका सावकाश बसत बसत चढले.

वर गाभाऱ्यात आता बुद्ध बसलाय. पण देवळाच्या मागे कड्यातून झरा येतो, पूर्वी ते पाणी दगडी पन्हळीने आत आणून पिंडीवर सतत धार धरायचे. म्हणजे डोंगर स्वतःच अभिषेक करतोय. आपल्याकडे पिंडीवर गळती लावतात ना, तेच, फक्त कलशाच्या जागी अख्खा डोंगर. झऱ्यावर आता स्थानिक लोक बाटल्या भरत होते, मावशींनी पण भरली. मागच्या खडकावर ब्रह्मा-विष्णू-महेश कोरलेत, ते शोधून बघा, पाटी चटकन दिसत नाही. माघ पौर्णिमेला इथे मोठी जत्रा भरते, तारखा जुळत असतील तर तशीच ट्रिप बसवा, आमची थोडक्यात हुकली. सकाळी आठला पोचा, दहानंतर पायऱ्यांवर सावली नाही.

पुढे मेकाँगमधल्या चार हजार बेटांच्या भागात डॉन खोन बेटावर एक रात्र. फ्रेंचांना मेकाँगवरून चीनपर्यंत बोटी न्यायच्या होत्या, धबधब्यांनी अडवलं, तर त्यांनी बेटावर रेल्वे टाकून बोटी उचलून नेल्या. गंजलेलं इंजिन अजून तिथे आहे. सायकल भाड्याने घ्या आणि काहीही करू नका.

तिथून सिएम रीप हा पूर्ण दिवसाचा प्रवास, बॉर्डरच्या दोन्ही बाजूंना उन्हात चालावं लागतं. अंगकोरचा पास एक दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, तीनचाच घ्या. संध्याकाळी पाचनंतर पास काढला तर तो दुसऱ्या दिवसापासून धरतात आणि त्या संध्याकाळी सूर्यास्त फुकटात. अंगकोर वाटमध्ये सगळे सूर्योदयाचा फोटो काढून नाश्त्याला पळतात, आपण नेमकं तेव्हा आत शिरायचं, गॅलऱ्या रिकाम्या मिळतात. समुद्रमंथनाचा पट जवळजवळ ५० मीटर लांब आहे, ९२ असुर आणि ८८ देव, मावशी आणि मी खरंच मोजत निघालो आणि साठाच्या आसपास भांडलो. पश्चिमेच्या गॅलरीत एका बाजूला कुरुक्षेत्र, शरपंजरी भीष्म लगेच ओळखू येतात, आणि दुसऱ्या बाजूला लंकेचं युद्ध. वाट फूचं कुरुक्षेत्र ऐकून आल्यामुळे इथे उभं राहिल्यावर वेगळंच वाटलं, थेट विमानाने आले असते तर हा नुसता एक मोठा पट राहिला असता.

बांतेय स्रेई सोडू नका, ९६७ सालचं, गुलाबी दगड, छोटंसं देऊळ. तिथे रावण कैलास हलवतोय. वेरूळचा रावण बघितलेल्यांनी जरूर तुलना करावी. आपला जास्त ताकदवान आहे असं माझं मत, पण नक्षी त्यांची. ता प्रोहम या अंगकोरमधल्याच देवळात आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याने बरीच वर्षं डागडुजी केलीय, पाटीवर तिरंगा दिसला की बरं वाटतं.

कंबोडियाची राजधानी नॉम पेन्हला तुओल स्लेंग बघितलं, एका शाळेचा ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीने केलेला तुरुंग. ज्यांना झेपणार नाही त्यांनी बाहेर बागेत बसावं, आमच्यातले तिघं बसले आणि कोणी त्यांना काही म्हटलं नाही. त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका.

व्हिएतनामचा ई-व्हिसा घरूनच काढा, आणि फॉर्ममध्ये कुठल्या बॉर्डरने शिरणार ते विचारतात तिथे मोक बाय (नॉम पेन्हहून सायगॉनच्या रस्त्यावरची बॉर्डर) निवडा, सवयीने विमानतळ टाकू नका. सायगॉनला दोनच दिवस होते, मरिअम्मनचं देऊळ आणि कु चीचे (व्हिएतनाम युद्धातले) भुयारी रस्ते एवढंच झालं.

शाकाहारी लोकांसाठी: थायलंडमध्ये पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं दिसतात, इंग्रजी सतरासारखी, त्याचा उच्चार 'जे', तिथे कांदा-लसूणही नसतो. नुसतं व्हेज म्हणून सांगितलं तर फिश सॉस पडतोच, त्यांच्या लेखी ते मीठ. व्हिएतनाममध्ये शाकाहाराला 'चाय' म्हणतात. काका पाटी वाचून चहाच्या आशेने आत शिरले, त्यांच्यापुढे टोफूचं गरमागरम फो (नूडल्सचं सूप) आलं, ते त्यांनी संपवलं आणि दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांना तिथेच नेलं. मेतकूट, लोणचं, इन्स्टंट पोहे आणा, लाओसच्या चिकट भाताबरोबर मेतकूट लागतं भारी.

आणि किप (लाओसचं चलन) लाओसमध्येच संपवून निघा, डॉलरला वीस हजारांच्या पुढे मिळतात त्यामुळे पाकीट फुगतं आणि बॉर्डरपलीकडे कोणी विचारत नाही. माझ्याकडे ८५ हजार उरलेत. कोणी जाणार असेल तर सांगा, देऊन टाकते, फक्त वाट फूच्या झऱ्याचं पाणी आणा एक बाटली, मावशींची बसमध्ये सांडली.