इंजिन कुणाचं?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या कारखान्यात सुट्टी नसते, पण काम म्हणावं असं काही होतही नाही. मशिनं पुसायची, कोपऱ्यातल्या चिप्स उपसायच्या, झेंडूची टोपली कुठे ठेवायची यावरून वाद घालायचा. ११ ऑक्टोबर २०२४, शुक्रवार. मी लेथच्या कॅरेजखाली हात घालून बसलो होतो आणि उलव्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, बोलू नकोस, फक्त ऐक." आधी वारा, मग माणसांचा कालवा, आणि मग फोनचा स्पीकर फुटतोय की काय असा आवाज. नवी मुंबईच्या नव्या धावपट्टीवर हवाई दलाचं सी-२९५ हे मालवाहू विमान पहिल्यांदाच उतरलं होतं आणि नंतर सुखोई-३० अगदी खालून निघून गेलं.

"काय दणका आहे! रशियाचा नाद नाय करायचा!"

मी विचारलं, "इंजिन कुणाचं?"

हा प्रश्न मी त्याला गेली पाच-सहा वर्षं विचारतोय. तो ऐरोलीला आयटीत आहे आणि जगातल्या सैन्यांच्या तुलनेचे तक्ते मला व्हॉट्सॲपवर पाठवत असतो. अमेरिकेची विमानं इतकी, चीनची इतकी, रशियाचे रणगाडे इतके. मी वागळे इस्टेटमध्ये ३१ वर्षं जॉब वर्क करतोय. विमानं मोजण्यात मला रस नाही. ते विमान उडवणारी भट्टी कुणी ओतली, एवढंच मला बघायचं असतं.

त्या दिवसाचं उत्तर असं होतं: सुखोई जुळवलेली आपल्या नाशिकजवळच्या ओझरला, इंजिन एएल-३१एफपी, बनतं ओडिशात कोरापूटला, पण डिझाइन रशियन. सी-२९५ स्पेनचं, त्याला प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचं इंजिन.

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं एका जॉबमुळे. बऱ्याच वर्षांपूर्वी इनकोनेल ७१८ चे आठ पीस टर्निंगला आले होते. दर चांगला होता, म्हणून हावरटासारखा घेतला. हा निकेलचा मिश्रधातू, जेट इंजिनातलाच. इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, टेकला की पृष्ठभाग आणखी कडक होतो, उष्णता चिपबरोबर निघून न जाता धारेवरच बसते. दहा मिनिटांत धार गेली. आठातले पाच पीस स्क्रॅप. नफा सोडा, मटेरियलचे पैसे खिशातून भरले.

आणि तो साधा जॉब होता. खरी गंमत टर्बाइनच्या पात्यात आहे. आधुनिक लढाऊ विमानाच्या इंजिनात पात्यांवर येणारा वायू दीड हजार अंश सेल्सिअसच्या पुढचा असतो, म्हणजे पातं ज्या धातूचं आहे तो वितळेल त्याच्याही पुढे. तरी पातं उभं राहतं, कारण ते आतून पोकळ असतं, त्यातून तुलनेने थंड हवा खेळवतात आणि बाहेरून झिर्कोनियाचा लेप असतो. वर काही टनांची ओढ, कारण सगळं गरगर फिरतंय. साध्या ओतीव धातूत असंख्य कण असतात. तापलेल्या अवस्थेत ओढ बसली की ते एकमेकांवरून सरकतात आणि पातं हळूहळू लांबतं. म्हणून अख्खं पातं एकाच स्फटिकाचं वाढवतात. पद्धत मेणाचीच, आपल्याकडे पंचधातूच्या मूर्तीला वापरतात तशी: आधी मेणाचं पातं, त्याभोवती सिरॅमिकचा साचा, मग मेण वितळवून काढायचं. साच्याच्या तळाशी डुकराच्या शेपटीसारखी एक वळणदार नळी. भट्टीतून साचा अगदी सावकाश खाली ओढायचा. त्या वळणातून एकच कण वर पोचतो आणि पुढे तोच वाढतो. वाचायला दोन मिनिटं लागतात. हजार पाती सारखी काढायला देशांच्या पिढ्या जातात.

हे ज्यांना जमलं त्यांची नावं एका हाताच्या बोटांवर मावतात: अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया आणि आता आता चीन. चीनचं जे-२० लढाऊ विमान पहिल्यांदा २०११ मध्ये उडालं. सुरुवातीच्या विमानांत रशियन इंजिनं होती. स्वतःचं डब्ल्यूएस-१० त्यांनी नंतर बसवलं. रशियाची तऱ्हा वेगळी. इंजिन दणकट, पण ओव्हरहॉलला लवकर येतं, कारण युद्धात विमान फार दिवस टिकणार नाही हा त्यांचा जुना हिशेब. मला तो हिशेब पूर्वी मूर्खपणाचा वाटायचा, आता तितका वाटत नाही. आणि त्यांची सुरुवातही उसनवारीनेच झाली. महायुद्धानंतर ब्रिटनने रोल्स-रॉइसची नीन इंजिनं सोव्हिएतांना चक्क विकली. त्यांनी ती उघडून नक्कल केली आणि कोरियाच्या आकाशात मिग-१५ त्याच इंजिनावर अमेरिकनांच्या अंगावर आलं.

तेजससाठीचं आपलं कावेरी इंजिन ऐंशीच्या दशकात सुरू झालं. पण तेजस पहिल्यांदा ४ जानेवारी २००१ ला उडालं ते अमेरिकन एफ-४०४ इंजिनावर, आणि आजही त्याच्यावरच उडतं. कोचीत बांधलेली नवी विमानवाहू विक्रांतसुद्धा अमेरिकन डिझाइनच्या गॅस टर्बाइनवर चालते. यावर भाचा चिडतो. एकदा म्हणाला, "मामा, तुझ्या व्हीएमसीचा, त्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशिनचा, कंट्रोलर कुणाचा?" जपानचा. "बॉल स्क्रू?" तैवानचा. त्यानंतर आठवडाभर मी त्याला काही विचारलं नाही.

सिप्री या स्वीडनच्या संशोधन संस्थेच्या आकड्यांनुसार २०२४ मध्ये अमेरिकेचा लष्करी खर्च ९९७ अब्ज डॉलर, चीनचा अंदाजे ३१४, रशियाचा १४९, आपला ८६. हा तक्ता त्याचा आवडता. पण युक्रेनवर रोज पडणाऱ्या शाहेद ड्रोनचं इंजिन म्हणजे जर्मनीच्या एका छोट्या टू-स्ट्रोक इंजिनाची इराणी नक्कल, ५० अश्वशक्तीच्या आसपास. एकस्फटिक पातं वगैरे काही नाही. सिलिंडर, पिस्टन, क्रँक. तसं इंजिन आमच्या गल्लीतले तिघे-चौघे मिळून काढू शकतील, आणि ते पाडायला लाखो डॉलरची क्षेपणास्त्रं खर्ची पडली आहेत. माझ्या प्रश्नाला इथे पहिला तडा गेला.

दुसरा तडा चुंबकाने दिला. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने एफ-३५ विमानं ताब्यात घेणं काही आठवडे थांबवलं होतं. कारण? आतल्या एका पंपाच्या चुंबकात चिनी मिश्रधातू सापडला. जगातलं सगळ्यात ताकदीचं लढाऊ इंजिन ज्या विमानात आहे, ते तळहातावर मावेल अशा तुकड्यापायी अडकलं. शेवटी खास परवानगी काढून तोच चुंबक ठेवून विमानं घेतली. असे ताकदीचे चुंबक ज्यांच्यापासून बनतात ती दुर्मिळ मृदा खनिजं इतरत्रही सापडतात. ती शुद्ध करून चुंबक बनवण्याचं चिकट, घाण, कमी फायद्याचं काम बाकीच्यांनी सोडलं आणि चीनने धरून ठेवलं.

एप्रिल २०२५ मध्ये चीनने त्यातल्या सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. मला ते पेपरात वाचून कळलं नाही. रबाळ्यातल्या एका गिऱ्हाइकासाठी मी इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरचे शाफ्ट काढतो. जूनमध्ये त्यांचा फोन आला: चुंबक नाहीत, माल थांबवा. तीनशे शाफ्ट तेल लावून रॅकवर पडले. भाच्याला फोटो पाठवला. त्याने एवढंच लिहिलं: "मामा, चुंबक कुणाचा?"

आता त्या गिऱ्हाइकाने दुर्मिळ मृदा न लागणाऱ्या साध्या फेराइट चुंबकाची मोटर करायला घेतली आहे. तेवढ्याच ताकदीला ती मोठी होते, जड होते. काल नवं ड्रॉइंग आलं, शाफ्ट ४ मिलिमीटरने जाड. जुने तीनशे कुठे खपवायचे ते बघू. सोमवारी पहिला पीस काढतो.