काटोल रस्त्यावरचा डिपर

मे महिन्यातल्या त्या सकाळी अमरावती रस्त्यावरील आमच्या गॅरेजच्या दारात जी परदेशी बनावटीची एसयूव्ही आली, तिचा मागचा भाग इतका खाली गेला होता की टायर आणि चाकाची कमान यांच्यामध्ये बोटही शिरत नव्हते. मालक काटोलचे संत्रा बागायतदार. "भाऊ, रात्री उभी केली तेव्हा बरी होती, सकाळी पाहतो तर बसलेली," असे ते म्हणाले.

या गाडीला मागे स्प्रिंगांऐवजी हवेने भरलेले रबरी फुगे होते. साबणाचे पाणी मारताच डाव्या फुग्याच्या घडीवर बुडबुडे आले. नागपूरच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यांनी रबराला भेगा पडल्या होत्या आणि गळती भरून काढता काढता कंप्रेसरही जळाला होता. दोन्ही फुगे आणि कंप्रेसर नवीन घेण्यापेक्षा साध्या स्प्रिंगा बसवणे पुष्कळ स्वस्त होते. मात्र मागे वजन वाढले की गाडी आपोआप वर येणार नाही, हे मी मालकांना आधीच सांगितले आणि ते नेहमी किती माणसे व किती सामान नेतात हे विचारूनच स्प्रिंगा मागवल्या.

स्प्रिंगा आल्या त्या दिवशी गाडी लिफ्टवर घेतली. फुग्यात उरलेली हवा धोकादायक असते, म्हणून नळीचा नट थोडाच सैल करून फुसफुस पूर्ण थांबेपर्यंत मी वाट पाहिली. स्प्रिंगेचे टोक खालच्या रबरी बैठकीतील खाचेला नेमके टेकले पाहिजे. उजवीकडे ते टेकले नव्हते, म्हणून ती बाजू पुन्हा खोलली. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या आर्मचे बोल्ट मात्र गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळले, कारण लोंबकळत्या आर्मवर ते आवळले की त्याच्या सांध्यातल्या बुशाचे रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. हा धडा प्रत्येक शिकाऊ मुलाला मी आवर्जून देतो. मग स्कॅनर जोडून कंट्रोल युनिटमधील एअर सस्पेन्शन बंद केले आणि डॅशबोर्डवरची सूचना गेली.

काम संपले असे मानून रात्री काटोल रस्त्यावर चाचणीला निघालो, तर समोरून येणारा प्रत्येक ट्रक डिपर मारू लागला. तिसऱ्या ट्रकनंतर मी गाडी कडेला घेतली. आपला प्रकाश लोकांच्या डोळ्यांवर जात आहे, या जाणिवेने मला फार अस्वस्थ वाटले. आता उंची मोजायचीच नाही, या समजुतीने मी मागच्या उंची-सेन्सरची दांडी सोडून ठेवली होती. पण हेडलाइटही त्याच सेन्सरवरून आपली दिशा ठरवत होते. दांडी खाली लोंबकळल्यामुळे गाडीला तिचा मागचा भाग उचललेला आणि तोंड खाली झुकलेले वाटत होते, आणि म्हणून ती दिवे वर करत होती.

गॅरेजमध्ये परतून दांडी आर्मला पुन्हा जोडली आणि सेन्सरला नवी उंची शिकवली. दिव्यावर 1 टक्का उतार छापलेला होता, त्यानुसार 10 मीटरवरील भिंतीवर प्रकाशाची कड दिव्याच्या मध्यापासून 10 सेंटीमीटर खाली आणली. मालक सकाळी येणार होते, तरी मी त्याच रात्री पुन्हा काटोल रस्त्याला लागलो आणि फेटरीपर्यंत जाऊन आलो. एकाही ट्रकने डिपर मारला नाही.