शिट्टी

काल रात्री ताईकडे टीव्हीवर कारगिलवरचा एक चित्रपट लागला होता आणि नायक घोषणा देत कडा चढून धावला, तेव्हा मी भाचरांबरोबर तोंडात बोटे घालून शिट्टी वाजवली. अण्णा गुडघ्यांवर चादर घेऊन बसले होते. ते म्हणाले, "तिथं पळत नाहीत रे. चालतानाच धाप लागते. आणि ओरडून वरच्याला जागं करायचं होतं का?" एवढे बोलून ते आत झोपायला गेले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरे झाले असते.

परतताना चार हुतात्मा चौकातून आलो. तिथले पुतळेही गप्पच असतात, हे पहिल्यांदाच जाणवले.

घरी येऊन मी स्वतःची कीव करत बसलो. शिट्टी वाजवली म्हणजे काय गुन्हा केला? चित्रपट माझ्यासारख्यांसाठीच काढतात ना? पण मन मानेना, कारण अण्णांचे म्हणणे खरे होते. १९९९ मध्ये ती शिखरे १६-१७ हजार फुटांवर होती, वर शत्रू आडोशाला बसलेला होता आणि म्हणून आपले जवान बहुतेक वेळा अंधारात, दोर धरून, आवाज न करता चढत होते. माझी शिट्टी नेमकी त्या शांततेवर पडली.

१९९७ च्या 'बॉर्डर'मध्ये राजस्थान सीमेवरच्या लोंगेवालाच्या ठाण्यावरचे कितीतरी जवान धारातीर्थी पडतात. प्रत्यक्षात १९७१ च्या त्या रात्री सुमारे १२० जणांनी पाकिस्तानी रणगाड्यांपुढे सकाळपर्यंत ठाणे राखले, कारण आपल्या हवाई दलाच्या हंटर विमानांना अंधारात हल्ला करता येत नव्हता, आणि आपले दोनच जवान गेले. इतके कमी गेले, हे त्या तुकडीचे कर्तृत्व. पडद्याला मात्र ते अपुरे वाटले असावे, आणि खरे सांगायचे तर मलाही वाटले असते. दोघांसाठी मी शिट्टी वाजवली असती का, कोण जाणे.

अण्णांनी कारगिलच्या त्या वर्षाविषयी ताईलाही कधी काही... असो.

आज सकाळी ताईचा फोन आला. 'बॉर्डर' लागला होता तेव्हा अण्णांनी तो तीनदा पाहिला होता आणि तिन्ही वेळा रुमाल भिजवला होता, असे ती हसत म्हणाली. मग मागून त्यांचाच आवाज आला: कालच्याचा शेवट राहिला आहे, रविवारी ये, आणि येताना शेंगाचटणी आण.